चिखल्या, भोपूवरचा कुत्रा

आमच्या स्टँडवर गाड्या पुकारणारी एक बाई होती. सगळे तिला माईकताई म्हणायचे. माझा पेपरचा स्टॉल स्टँडच्या दाराला लागून, आणि तिची काचेची केबिन बरोबर माझ्या डोक्यावर. लोखंडी जिना चढून ती सकाळी वर गेली की जिना हलायचा आणि माझ्या मासिकांची चळत एकदा थरथरायची. त्यावरून मला कळायचं, ताई आली.

तिच्या आधी जो माणूस पुकारायचा त्याच्या आवाजाने कडेवरची पोरं दचकून रडायला लागायची. ताई मात्र अशी बोलायची, जणू तुमच्या शेजारी बसून सांगतेय. "गाडी तीन नंबरला लागलीय. सावकाश चढा, जागा आहे." जागा नसली तरी जागा आहे म्हणायची. एकदा मी तिला टोकलं.

"ताई, आत पाय ठेवायला जागा नाही आणि तुम्ही बिनधास्त सांगता?"

"नाही म्हटलं म्हणून कुणी मागे राहणार आहे का, दादा? चढणारच. निदान एकमेकांना न तुडवता चढतील."

तिचा स्वभाव असा होता.

वर्कशॉपच्या मागे दोन खोल्यांत ती, तिची आई आणि धाकटा भाऊ राहायचे. भाऊ लहान असतानाच वडील गेले होते. भावात आणि तिच्यात बरंच अंतर, त्यामुळे तिने त्याला जवळजवळ कडेवरच वाढवलेला. त्याचे डोळे लहानपणापासून कमजोर होते. चष्म्याच्या काचा जाड होत गेल्या, मग काचांचाही उपयोग होईना, आणि विशीत पोचेपर्यंत उरलंसुरलं दिसणंही गेलं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घरात आकांत वगैरे झाला नाही. पोरगा हट्टी होता. हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागला. ड्रॉवरमधले स्क्रू बोटांनी चाचपून वेगळे करायचा, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत मारत पुडी बांधून द्यायचा. दुकानातले त्याला स्क्रूशेठ म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं.

आता भोपूबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

'भोपू' हे चित्रकथेचं मासिक. पातळसं, चार रंगांत छापलेलं, महिन्याच्या सुरुवातीला माझ्याकडे यायचं. भोपू म्हणजे एक बुटकी, जाड धुराड्याची बोट, जी मोठमोठ्या जहाजांना दोर लावून बंदरात ओढून आणते. तिची कप्तान एक म्हातारी, कप्तीणबाई. तोंडाने फटकळ, मनाने मऊ. आणि बोटीवर एक कुत्रा, चिखल्या. चिखलाच्याच रंगाचा, एक कान दुमडलेला. तो दर अंकात काहीतरी उद्योग करायचा आणि कप्तीणबाई त्याच्यावर ओरडायची. पोरांसाठी काढलेलं मासिक, पण निम्मे वाचणारे माझ्यासारखे बाप्ये. मी तर विकायच्या आधी वाचून, घडी न मोडता परत ठेवायचो.

स्क्रूशेठ शाळेत असल्यापासून भोपूचा वेडा. दिसत होतं तोवर स्वतः वाचायचा, नाक कागदाला टेकवून. दिसेनासं झालं तसं ताई वाचून दाखवायला लागली. अंक आला की तो दुकानातून थेट माझ्या स्टॉलवर यायचा. घरी जाईपर्यंत दम निघायचा नाही, म्हणून मागच्या बाकावर बसून पहिली पानं तिथेच व्हायची. चित्रकथा वाचून दाखवायची म्हणजे नुसते शब्द वाचून भागत नाही. ताई चित्र सांगायची. आभाळ कसलं आहे, कप्तीणबाईच्या टोपीवर कावळा कुठे बसलाय, पाणी कुठे काळं आणि कुठे हिरवं. मी पेपर विकता विकता ऐकायचो. कधीकधी तर मी स्वतः पाहिलेलं चित्र तिच्या तोंडून ऐकताना जास्त छान वाटायचं.

मग त्यांची आई गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. स्क्रूशेठ तिचा हात हातात धरून बसलेला असतानाच गेली. त्यानंतर त्याने जेवण सोडलं. दुकानात जाईना, कुणाशी बोलेना. त्याच आठवड्यात भोपूचा अंक आला. ताई येऊन घेऊन गेली. म्हणाली, "हे ऐकून तरी उठेल."

तो अंक मी आदल्या दिवशी वाचला होता. त्या अंकात वादळ होतं. दोर तुटतो, तुटलेलं टोक तोंडात धरायला चिखल्या पाण्यात उडी मारतो, आणि वर येत नाही. शेवटचं अख्खं पान नुसतं काळं पाणी. कोपऱ्यात कप्तीणबाईचा हात आणि त्या हातात रिकामा पट्टा. पोरांच्या मासिकात असलं कुणी काढतं का? त्या महिन्यात तीन आया माझ्याशी भांडायला आल्या, जणू कुत्रा मी बुडवला होता.

पुढच्या महिन्यात स्क्रूशेठ बाकावर येऊन बसला. बारीक झालेला, पण दाढी केलेली. ताईने अंक उघडला आणि वाचायला लागली. मी कान देऊन होतो. "कप्तीणबाई जिन्यावर उभी आहे," ती म्हणाली, "आणि चिखल्या तिच्या बुटात तोंड घालून बसलाय." स्क्रूशेठ हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं. मी अंक पाहिलेला होता. त्या चित्रात जिना होता, कप्तीणबाई होती, आणि कठड्याला रिकामा पट्टा टांगलेला होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताईने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या गिऱ्हाइकाला सुटे द्यायला वळलो.

नंतर तिने मला सांगितलं. आधीच्या महिन्यात, ते काळ्या पाण्याचं पान समोर धरून, तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असताना, तिच्या तोंडून निघून गेलं की चिखल्या पोहत पोहत वर आला आणि त्याने अंग झाडून कप्तीणबाईला भिजवलं. हे ऐकून तो उठून बसला आणि म्हणाला, भूक लागलीय. "मग काय करणार होते मी, दादा?" ती म्हणाली. "एखाद-दोन महिन्यांनी सांगेन."

पण तो महिना काही आला नाही. वर्षं गेली. दर अंकात कठड्याला रिकामा पट्टा असायचा, एकही चित्र त्या चित्रकाराने त्याच्याशिवाय काढलं नाही, आणि दर अंकात ताईचा चिखल्या काहीतरी उद्योग करायचा. मासे चोरायचा. नांगरावर झोपायचा. दुसऱ्या बोटीवरच्या मांजरीच्या प्रेमात पडला होता, ते प्रकरण तर वर्षभर चाललं. स्क्रूशेठ हे सगळं दुकानात गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा.

एका अंकाच्या मागच्या पानावर चौकट आली. वाचक कमी झाले, सबब तीन अंकांनंतर भोपू बंद. ताईने ते मात्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. स्क्रूशेठ म्हणाला, "संपवताना नीट संपवतील ना ग? नाहीतर मध्येच सोडून देतील. बोट कुठे जाणार, चिखल्या कुठे जाणार, काहीच कळणार नाही."

ताई त्या दिवशी जिना चढून वर गेली आणि दुपारच्या रिकाम्या वेळात, दोन गाड्यांच्या मध्ये, स्टँडभर तिचा आवाज आला. "पुढच्या गाडीला थोडा अवकाश आहे. तोवर एक गोष्ट ऐका." आणि तिने भोपूचा एक जुना अंक माईकवरून वाचायला सुरुवात केली.

लोक आधी वर बघायला लागले. मग बसले. उभ्याच्या उभ्या थांबलेल्या एका बाईची गाडी सुटली, तिने फक्त हात हलवला, जा म्हणून. गोष्ट अगदी रंगात आलेली असताना ताई मध्येच थांबली आणि म्हणाली, "पुढचं दाराशी पेपरच्या स्टॉलवर मिळेल. गाडी पाच नंबरला लागलीय, सावकाश चढा, जागा आहे." माझ्याकडचे नवे-जुने सगळे अंक त्या दुपारी संपले.

तिथून सुरुवात झाली. समोरच्या सलूनवाल्याच्या दुकानात आम्ही जमायला लागलो. सलूनवाला भोपूचा जुना भक्त, आणि स्टँडवरचा सगळ्यात बडबड्या माणूस. दोन ड्रायव्हर, एक कंडक्टर, मी आणि ताई. सलूनवाल्याने आरशांच्या खाली अंक लावले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचा, "भोपू वाचलाय? नाही? मग मान खाली घाला, मी सांगतो." वस्तरा गळ्यावर असताना नाही कोण म्हणणार? कंडक्टर शेवटच्या थांब्यावर रिकाम्या सीटवर अंक ठेवून यायचा, वर चिठ्ठी, 'वाचून झाल्यावर पुढच्याला द्या'. पण सगळ्यात चालली ती एका ड्रायव्हरची युक्ती. गाडीच्या मागच्या काचेवर धूळ साचलेली असते ना, तिच्यावर त्याने बोटाने भोपू काढला. जाड धुराडं, खाली तीन लाटा. गाडी शंभर गावांतून फिरून परत आली तेव्हा धुराड्यातून कुणीतरी धूर काढला होता. पुढच्या फेरीत धुरावर कावळा बसला. मग दुसऱ्या डेपोतल्या गाड्याही भोपू घेऊन यायला लागल्या. ज्या गावांची नावं आम्ही फक्त पाटीवर वाचली होती, तिथून पत्रं येऊ लागली, भोपूला वाचवा, आम्ही काय करू?

स्क्रूशेठला हे कळल्यावर तो घरात कसा बसेल? "माझा भोपू आणि मलाच बाहेर ठेवता?" म्हणत तो सलूनमध्ये आला. तो यायच्या आधी ताईने आम्हा सगळ्यांना बसवून चिखल्याचं सांगितलं. मान वर न करता. सलूनवाल्याचा हात कात्रीसकट हवेत राहिला.

"म्हणजे त्याला अजून..."

"नाही."

"बारा-तेरा वर्षं?"

"तुम्ही काही बोलू नका. एवढंच मागते."

कुणी नाही म्हणालं नाही. बिचारा सलूनवाला तर चिखल्याचा विषय निघाला की स्वतःच्या तोंडात कंगवा धरायचा. स्क्रूशेठ सांगायचा, परवा चिखल्याने काय केलं माहितीय? आणि आम्ही चौघं-पाचजण हसायचो, आरशात एकमेकांची तोंडं बघत. मला ते हसणं आवडत नव्हतं. माईकवरून वाचायला ताई नेहमी जुनेच, वादळाआधीचे अंक का निवडते, ते एव्हाना माझ्याही लक्षात आलं होतं.

डेपो मॅनेजरने माईकवरची गोष्ट बंद केली. गाड्या चुकल्याच्या तक्रारी आल्या होत्या, त्याचंही बरोबर होतं. पण त्याने आम्हाला वापरात नसलेला शेवटचा फलाट एका रविवारपुरता दिला. तिथे आम्ही भोपूचा दिवस ठरवला. प्रकाशकालाही बोलावणं धाडलं.

एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. बसच्या बस भरून आले. कुणी पत्र्याची बोट करून आणली, कुणी पोराला कप्तीणबाईची टोपी घातलेली. प्रकाशकाकडून खरोखर एक साहेब आला, घामाने भिजलेला, गोंधळलेला. गर्दीत एक बाई होती, तंबू आणि ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात काम करणारी, लांबून दोन गाड्या बदलून आलेली. तिने जाड कापडावर भोपू शिवून आणला होता, पलंगपोसाएवढा मोठा. धुराडं वेगळ्या कापडाचं, लाटा दोरीच्या, कप्तीणबाईचा कोट लोकरीचा. तो तिने खांबांना बांधला आणि लोक भोवती जमले.

स्क्रूशेठला कुणीतरी सांगितलं, हे हाताने बघता येईल. तो पुढे गेला. तंबूवालीने त्याला जागा करून दिली. तो धुराड्यावरून बोटं फिरवायला लागला आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी पेपरचं बंडल खाली ठेवून बघतच राहिलो. विशीनंतर पहिल्यांदा तो भोपू बघत होता. लाटा, दोर, कोटाची बटणं. मग कठडा. कठड्यावर त्याची बोटं थांबली. तिथे खऱ्या चामड्याचा एक पट्टा शिवलेला होता, बक्कलसकट.

"हे काय?"

"चिखल्याचा पट्टा," तंबूवाली म्हणाली.

"आणि चिखल्या?"

ती हसली. तिला वाटलं, थट्टा करतोय. मग तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि साधेपणाने सांगितलं, "तो वादळात बुडाला ना. त्यानंतर पट्टाच असतो दर चित्रात. मी तेव्हा आजारी होते, फार रडले होते. म्हणून तर आले आज."

ताई दोन पावलांवर होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने स्वतःच्या तोंडावर हात धरला होता.

स्क्रूशेठने विचारलं, "कधी बुडाला?" तंबूवालीने सांगितलं. "त्या पानावर काय आहे, मला नीट सांगाल?" तिने ते काळं पान सांगितलं. तिच्याकडे फार शब्द नव्हते. "सगळं पाणी आहे," ती म्हणाली, "आणि खाली कोपऱ्यात हात आहे." तो मान हलवत राहिला. पट्ट्यावरचा हात त्याने काढला नाही. त्याच वेळी तिकडे खुर्चीवर उभा राहून प्रकाशकाचा साहेब सांगत होता, तुमचं प्रेम पाहून भोपू आणखी सहा अंक निघेल. टाळ्या पडल्या, सलूनवाला रडत रडत मला मिठी मारायला आला. मी त्याला बाजूला सारलं. स्क्रूशेठ काठी टेकत फलाट उतरून एकटाच निघाला होता.

घरी काय झालं ते ताईने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून. पहिली गाडी पुकारायची राहून गेली होती.

तो म्हणाला होता, "मी आंधळा आहे, ताई. पोर नाही."

"तेव्हा तू जेवत नव्हतास."

"तेव्हा! आणि नंतर? आई गेली ते सांगितलंस ना मला? मग कुत्रा गेला ते सांगायला काय झालं?"

"आई गेली ते मी कुठे सांगितलं? तूच तिचा हात धरून बसला होतास."

मग तो म्हणाला, "दुकानात रोज सांगायचो मी. आज चिखल्याने हे केलं, आज ते केलं. भोपू वाचणारी गिऱ्हाइकं असतील ना त्यांच्यात? त्यांना काय वाटलं असेल? वेडा आहे बिचारा, हो म्हणा." आणि नंतर, "सलूनवाला इतका गप्प कसा, मला वाटायचंच. सगळ्यांना सांगितलंस. मी सोडून सगळ्यांना."

ताई मला म्हणाली, "दादा, त्याचं बरोबर आहे. एक शब्दही चुकीचा बोलला नाही तो." रडली नाही. उठली, वर गेली आणि गाडी उशिरा पुकारली.

तो तिच्याशी बोलायचा बंद झाला असं नाही. जेवायला वाढ, काठी कुठे आहे, उद्या दुकान बंद आहे, हे सगळं बोलायचा. पण अंक आला तेव्हा तो बाकावर बसला नाही. तंबूवालीने त्याला पत्ता दिला होता. तो रविवारी बस पकडून तिच्याकडे जायला लागला. तिच्याजवळ सगळे जुने अंक होते. त्या वादळापासून पुढे, एकेक अंक, जे आहे तेवढंच, ती त्याला सांगायची. मला तो एकदा म्हणाला, "पेपरवाले, कप्तीणबाई किती गप्प झालीय हो त्या नंतरच्या अंकांत. जेवायला बसते आणि उठून जाते. इतकी वर्षं ती बाई एकटी होती आणि मला पत्ताच नव्हता." मी वर पाहिलं. केबिनमध्ये दिवा लागलेला होता.

सहा अंकांनी भोपू संपला. चित्रकाराचा हात थकला होता, असं म्हणतात. शेवटच्या अंकात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि कप्तीणबाई किल्ली खिशात टाकून चालायला लागते, बस्स. ताईने तो अंक माझ्या बाकावर बसून मनातल्या मनात वाचला. मी विचारलं, "कसा आहे?" म्हणाली, "चित्रं छान काढलीत."

वर्ष सरायच्या आत स्क्रूशेठने तंबूवालीशी लग्न केलं. तिच्या गावात त्याला कारखान्यात काम मिळालं, ताडपत्र्यांना कड्या बसवायचं. ताईने सगळं स्वतः केलं, भांडी घेतली, चादरी घेतल्या, त्याचे शर्ट इस्त्री करून भरले. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी मी तिला म्हटलं, आज सुट्टी घ्या. तिने ऐकलं नाही. त्याची गाडी तिनेच पुकारली. नेहमीसारखी दोनदा. सावकाश चढा, म्हणाली. जागा आहे, असं त्या दिवशी म्हणाली नाही, आणि गाडी अर्धी रिकामी होती.

त्यानंतरची ताई मी रोज पाहिली आणि सांगण्यासारखं त्यात फारसं नाही. ती कामाला यायची, जायची. महिन्यातून एकदा भावाकडे जाऊन यायची. विचारलं की म्हणायची, "बरा आहे. बायको चांगली आहे. मला चहा करून देतो स्वतः." एकदा म्हणाली, "पाहुण्यासारखं करतो हो सगळं माझं." तेवढंच. त्याला मुलगी झाली तेव्हा ताईने पूर्ण स्टँडला पेढे... नाही, चुकलो, बिस्किटं वाटली, पेढ्यांचं दुकान त्या दिवशी बंद होतं. मुलीला गोष्टी सांगता का, असं मी विचारलं होतं. "नाही," म्हणाली, "पुस्तक असेल तर वाचते. जे लिहिलंय तेवढंच."

मग यंत्र आलं. बटण दाबलं की कुठल्याशा बाईचा साफसूफ आवाज गाडीचा नंबर सांगतो. ताईला हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं. तिथे ती छत्र्या आणि डबे सांभाळत बसायची. केस भराभर पांढरे झाले. एके सकाळी ती आली नाही. शेजारच्यांनी दार उघडलं तेव्हा ती अंथरुणातच होती, झोपेतच गेलेली. आदल्या संध्याकाळी माझ्याकडून पेपर घेऊन गेली होती, काही दुखतंय असंही म्हणाली नव्हती.

स्क्रूशेठ दुपारच्या गाडीने आला. सगळं उरकल्यावर, परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून, तो माझ्या बाकावर येऊन बसला. बायको मुलीला घेऊन पाणी आणायला गेली होती. बराच वेळ तो काठीची मूठ दाबत बसला. मग म्हणाला, "पेपरवाले, एक विचारू? ती दिसायची कशी?"

मला आधी कळलंच नाही.

"मी तिला शेवटची पाहिली तेव्हा ती तिशीचीसुद्धा नव्हती," तो म्हणाला. "दोन वेण्या घालायची. माझ्या डोक्यात अजून तीच आहे. आता, म्हणजे कालपर्यंत, कशी होती?"

मी त्याच्या शेजारी बसलो. सांगायला सोपं नव्हतं. "वेण्या नव्हत्या," मी म्हटलं. "केस आखूड कापलेले. सगळे पांढरे."

"सगळे?"

"सगळे. वाळली होती फार. गळ्याची हाडं दिसायची. पुढचा एक दात पडला होता, हसताना हात धरायची तोंडावर. पाठीत थोडी वाकली होती."

"डोळे?"

"डोळ्यांखाली काळं. चष्मा लागला होता, दोरी बांधलेला."

"मला नाही सांगितलं चष्म्याचं."

"नसेल सांगितलं."

त्याने मान हलवली. खिशातून रुमाल काढला, पण हातातच धरून बसला. यंत्रातल्या बाईने त्याच्या गाडीचा नंबर सांगितला. त्याची बायको येऊन उभी राहिली, त्याने तिला हाताने थांब म्हणून खूण केली.

"कपडे कसले घालायची?" त्याने मला विचारलं.

मी सांगायला लागलो.